आधी थोरांचं गिरवा, मग घरच्यांना बसवा

मैत्रिणींनो, माळ्यावरची जुनी ट्रंक एकदा खाली काढा पाहू. जरीच्या साड्या, मुलांची झबली, जुनी पत्रं असं सगळं बाजूला सारलंत की तळाशी शाळेच्या दाखल्यांची एक पिशवी सापडेल. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या त्या पिशवीत एक प्रमाणपत्र असतंच असतं. एलिमेंटरीचं नाहीतर इंटरमिजिएटचं. शासकीय रेखाकला परीक्षेचं! त्या दिवशी पाण्याचा डबा, पॅड, ब्रश घेऊन आपण परीक्षेला गेलो होतो. घागर, तिच्याशेजारी दोन वांगी आणि मागे चुणीदार कापड असं स्थिरचित्र काढलं होतं. ‘बी’ ग्रेड मिळाली म्हणून घरी पेढे आणले होते.

आणि मग? मग दहावी झाली, लग्न झालं, चूल आणि मूल सुरू झालं. ब्रश कुठं गेला ते ब्रशलाच ठाऊक.

अधूनमधून हात शिवशिवतो. मग दिनदर्शिकेवरची लक्ष्मी बघून वहीत उतरवतो, मासिकातला एखादा सुंदर चेहरा काढतो. चित्र बरं जमतं, आपण हौसेनं कुणाला तरी दाखवतो, आणि समोरून उत्तर येतं, “हं! बघूनच काढलंय ना?” की आपलं तोंड एवढंसं होतं. जसं काही आपण परीक्षेत शेजारणीचा पेपर बघून लिहिला!

आजचा हा लेख त्या ‘बघूनच काढलंय ना’साठी आहे. बघून काढणं ही लबाडी नाही, तो अभ्यास आहे. मात्र तो निम्मा अभ्यास आहे. उरलेला निम्मा अभ्यास आपल्या घरातच, आपल्यासमोर मटार सोलत बसलेला असतो. तो कसा, ते शेवटपर्यंत वाचा म्हणजे कळेल.

थोरामोठ्यांनीही गिरवलंच

मुलाला लिहायला शिकवताना आपण काय करतो? पाटीवर ‘अ’ काढून देतो आणि म्हणतो, गिरव. तो गिरवतो म्हणून आपण त्याला चोर म्हणत नाही. गाणं शिकणारी मुलगी आधी गुरूची तान जशीच्या तशी घेते. मग चित्रकलेलाच वेगळा न्याय का?

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायचं काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून पुढे कित्येक वर्षं केलं. त्यानं केलेल्या मोठाल्या प्रतिकृती लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. मग १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला गेले. १८८५ पर्यंत हे काम चाललं. त्यांच्याही पुष्कळशा प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. पण त्या विद्यार्थ्यांच्या हातात जे आलं ते कुठल्याही आगीत जळणारं नव्हतं. कोपर कसं वळतं, बोटं कशी लवतात, मान कलली की खांदा किती उतरतो, हे ज्याच्या हातानं एकदा गिरवलं त्याचा हात ते विसरत नाही.

पुढे १९०९ ते १९११ या हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम नावाची इंग्रज बाई तिथं तंबू ठोकून राहिली आणि तिनं अजिंठ्याच्या नव्यानं प्रतिकृती केल्या. वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे, बरं का! तिच्या मदतीला कलकत्त्याहून आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते. हेच नंदलाल पुढे केवढे मोठे चित्रकार झाले ते आपण जाणतोच. त्यांच्या रेषेत अजिंठ्याचं बाळकडू आहे ते या गिरवण्यातूनच.

आणखी एक गोष्ट सांगते. व्हॅन गॉग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सूर्यफुलांचं चित्र काढणारा तो. १८८९-९० मध्ये तो दक्षिण फ्रान्समध्ये मनोरुग्णांच्या रुग्णालयात होता. बाहेर फारसं जाता येत नव्हतं, समोर बसायला माणसं मिळत नव्हती. मग त्यानं काय केलं? भावाकडून आलेल्या काळ्यापांढऱ्या छापील चित्रांवरून मिले या चित्रकाराची चित्रं रंगात उतरवली. एक नाही, दोन नाही, जवळजवळ वीस-एकवीस! पेरणारा, कापणी करणारे, भर दुपारी गंजीच्या सावलीत आडवं झालेलं जोडपं... त्यानं भावाला लिहिलं, वादक जसा दुसऱ्यानं रचलेलं संगीत आपल्या पद्धतीनं वाजवतो तसंच हे आहे. आता सांगा, तुमच्या वहीतल्या लक्ष्मीला नावं ठेवणाऱ्यांना काय उत्तर द्याल?

सुरुवात ‘सरव्या’पासून

याच मिलेचं एक चित्र आपल्या अभ्यासासाठी मी सुचवणार आहे. १८५७ सालचं हे चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. पीक काढून नेल्यावर शेतात पडलेली कणसं गोळा करणाऱ्या तीन बायका त्यात आहेत. आपल्याकडे याला ‘सरवा वेचणं’ म्हणतात. म्हणजे चित्राचं नाव मराठीत सांगायचं तर ‘सरवा वेचणाऱ्या’. परदेशातलं चित्र खरं, पण ज्यांनी शेतात पाय ठेवलाय त्यांना ते परकं वाटणारच नाही. मोबाईलवर हे चित्र सहज सापडतं आणि बोटांनी मोठं करूनही पाहता येतं. आपल्या वेळी ही सोय कुठं होती?

हेच चित्र का, तर त्यात चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. नवशिकी बाई चेहऱ्याशीच अडते. डोळे, पापण्या, ओठ यातच तास जातो आणि अंग मात्र बाहुलीसारखं ताठ राहतं. इथं सगळी गोष्ट पाठी सांगतात. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट वाकलेली. डावीकडच्या बाईचा एक हात पाठीवर आहे, मधलीचा हात जमिनीकडे गेलाय.

हाताशी काय हवं?

फार खर्च नको. दोन पेन्सिली, एक २बी आणि एक ६बी. मऊ खोडरबर. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं. एक जाड पुठ्ठा आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, की झालं पॅड.

कोळशाच्या काड्या विकत आणायची गरज नाही. तुराट्यांचे बोटभर तुकडे सोलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दाटून भरा. झाकणाला खिळ्यानं एक बारीक भोक पाडा आणि डबा अंगणातल्या निखाऱ्यात ठेवा. भोकातून येणारा धूर थांबला की डबा बाहेर काढा. मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत हवा जाऊन काड्या पेट घेतील. घाई केलीत तर हाताला चटकाही बसेल आणि काड्यांची राखही होईल.

गिरवायची रीत

१. पहिली पाच मिनिटं पेन्सिलला हात लावू नका. चित्र नुसतं पाहा आणि मनाशी बोला. कोण कुठं उभी आहे? वजन कुठल्या पायावर आहे? उजेड कुठून येतोय?

२. मग चौकटी आखा. मूळ चित्र साधारण ८४ सेंटिमीटर उंच आणि ११० सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे उंची तीन भाग तर रुंदी जवळजवळ चार भाग. तुमच्या कागदावर १८ बाय २४ सेंटिमीटरचा आयत काढा. तीन-तीन सेंटिमीटरवर रेघा मारल्यात की ४८ चौकोन होतील. छापील चित्रावरही तितकेच चौकोन आखा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे काही नवं नाही.

३. आधी मोठे आकार. पदर, टोपडी, बोटं यांच्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. वाकलेली पाठ ही एकच मोठी कमान समजा आणि ती एका दमात काढा.

४. रिकाम्या जागा पाहा. हात आणि गुडघा यांच्यामधून दिसणारा जमिनीचा तुकडा कसल्या आकाराचा आहे? तिकोनी की लांबट? हा तुकडा बरोबर आला की हात आपोआप बरोबर येतो. ही युक्ती फार कामाची आहे.

५. डोळे किलकिले करून पाहा, म्हणजे बारकावे नाहीसे होऊन फक्त उजेड, मधली सावली आणि गडद सावली अशा तीनच पायऱ्या दिसतील. तेवढ्याच भरा.

६. शेवटची पायरी बहुतेक जणी गाळतात आणि तिथंच चुकतात. चित्र मिटून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तेच आठवून काढा. परीक्षेत आपल्याला स्मरणचित्र होतं ना, तसंच. मग मूळ चित्राशी ताडून पाहा. जे विसरलं ते तुम्ही पाहिलंच नव्हतं, नुसतं उतरवलं होतं.

आणि हो, चित्राच्या खाली ‘मिलेच्या चित्रावरून’ असं लिहून मगच आपलं नाव घाला. यात कमीपणा नाही, उलट सभ्यपणा आहे. घरी अभ्यासासाठी कुणाचंही चित्र गिरवायला हरकत नाही. पण विकायचा विचार असेल तर जपून. आपल्याकडे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षंपर्यंत राहतो. मिले १८७५ मध्ये गेला, त्यामुळे त्याची काळजी नको.

गिरवण्याचा एक धोका

आता मी स्वतः काय चुकले ते सांगते. माझं सासर माळेगाव बुद्रुक, बारामतीजवळचं साखर कारखान्याचं गाव. लग्नानंतर कित्येक वर्षं मी फक्त चित्रांवरूनच चित्रं काढली. रविवर्म्याच्या छापील देवी तर मला पाठ होत्या. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या चित्रांनी घरोघरचे देव्हारे भरले. तर त्या देवी काढून काढून माझा हात असा बसला, की मी पाणी भरणारी बाई काढली तरी ती सरस्वतीसारखी दिसे. नाक तेच, बोटं तीच. डोक्यावर घागर, पण मानेवर तिचा भार नाही.

हे लक्षात आणून दिलं आमच्या सासूबाईंनी. त्यांना चित्रातलं काही कळत नाही असं मी धरून चालले होते. एकदा वही चाळून त्या म्हणाल्या, “चांगल्या हैत गं सगळ्या. पण ह्यातल्या एकीनं तरी कधी काम केलंया का?”

मी गप्पच झाले.

त्याच दुपारी त्या ओसरीवर मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर वही घेऊन बसले. “आत्या, जरा अशाच बसा,” म्हटलं. त्या लाजल्या. “अगं, म्हातारीचं काय काढतीस? त्या लक्षुमीचं काढ की!” म्हणाल्या. पण हात थांबला नाही त्यांचा. शेंगा सोलणाऱ्या बाईचे हात तेच तेच काम पुन्हा करतात, खांदे फारसे हलत नाहीत, म्हणून नवशिकीला हे मॉडेल फार सोयीचं. पहिलं चित्र अगदी बिघडलं. पण उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं एका घरात राहून! “उजवा हात दुखतो का हो?” असं विचारलं, तर म्हणाल्या, “धा-बारा वर्सं झाली की.”

मैत्रिणींनो, समोरच्या माणसाचं चित्र काढणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. गिरवल्यानं हात तयार होतो. पण पाहायला शिकवतं ते समोर बसलेलं जिवंत माणूसच.

आपल्या आधीच्या बायका

जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला मुलं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून तासन्‌तास रेखाटन करत. १९१९ नंतर कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना जिवंत मॉडेल समोर बसवून करायच्या अभ्यासाला तिथं जोर आला. आधी प्रतिकृती, मग जिवंत माणूस, हीच ती चाल.

याच शाळेत १८९० ते १९३१ अशी एक्केचाळीस वर्षं, आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून काढलेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर मूळचे कोल्हापूरचे. नऊवारीतली मराठी बाई कशी चालते, कशी वाकते, टोपली कशी उचलते हे त्यांच्याइतकं नेमकं क्वचितच कुणी काढलं असेल. मुंबईच्या रस्त्यांवरच्या माणसांची त्यांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली जात. त्यांची मुलगी अंबिका हिचे पहिले गुरू वडीलच. वडिलांची चित्रं पाहत ती वाढली आणि १९३१ मध्ये तिनं जे. जे.ची पदविका घेतली. ज्या काळात मुलीनं चित्रकलेच्या वर्गात मुलांबरोबर बसणं हेच धाडस होतं, त्या काळात! पदविका घेणाऱ्या अगदी पहिल्या काही स्त्रियांत तिचं नाव आहे. पुढे ती आयुष्यभर चित्रकार म्हणून जगली.

आणि घरच्या माणसाला उभं करायचं म्हणाल तर सावंतवाडीच्या सां. ल. हळदणकरांचं उदाहरण आहेच. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येक जण ते रविवर्म्याचंच समजतात. बोटांमधून झिरपणारा तो लालसर उजेड पाहून माणसं थबकतात. त्या चित्रासाठी समई धरून उभी राहिली होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी गीता. थोर चित्रकाराला घरात मॉडेल सापडलं, मग आपल्याला का नाही सापडणार?

घरच्यांना कसं बसवावं

पहिली गोष्ट म्हणजे विचारून बसवा. चोरून काढलेल्या चित्रात आपलीच नजर भेदरलेली असते. आणि “हलू नका” असं सारखं म्हणू नका, माणूस अवघडतो. हातात काम असलेलं माणूस निवडा. निवडणं-टिपणं करणाऱ्या जाऊबाई, वर्तमानपत्र वाचणारे मामंजी, अभ्यास करणारा मुलगा. झोपलेलं बाळ तर उत्तमच, फक्त पेन्सिल वाजवू नका!

सुरुवातीला एक-एक मिनिटाची पाच रेखाटनं काढा. यात फक्त अंगाचा कल पकडायचा. मग पाच मिनिटांची दोन. हात मोकळा झाला की वीस मिनिटांचं एक. पहिल्याच दिवशी तासभराचं चित्र काढायला बसू नका, कंटाळा येईल. तुम्हालाही आणि बसणाऱ्यालाही.

माप घ्यायचं ते असं. हात पूर्ण लांब करा, पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा. पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत समोरच्या माणसाचं डोकं मापा आणि मग तसली किती डोकी अंगात बसतात ते मोजा. उभं मोठं माणूस साधारण साडेसात डोक्यांचं भरतं. वर्षाचं मूल चारच डोक्यांचं. म्हणूनच मोठ्या माणसाच्या मापानं बाळ काढलं की ते बुटक्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. डोळे कपाळाच्या जवळ नसतात हं, डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. तळहात हनुवटीवर टेकवा, बोटं कपाळाच्या मध्याच्याही वर जातात. म्हणजे हात आपण समजतो त्यापेक्षा मोठा असतो. आणि पाऊल? कोपराच्या खाचेपासून मनगटापर्यंत जेवढी लांबी, जवळपास तेवढंच. खोटं वाटत असेल तर आत्ताच मोजून पाहा.

उभ्या माणसासाठी गवंड्याचा ओळंबा आठवा. दोऱ्याला किल्ली बांधून समोर धरा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाची गळ्याची खाच भार असलेल्या पायाच्या घोट्याच्या बरोबर वर येते. चित्रात ती तशी आली नाही, तर ते माणूस पडेल असं वाटतं.

साडीची काळजी करू नका. कॉलेजात मॉडेलवरून अंगाचा अभ्यास होतो, तो घरी करायची गरज नाही. साडीच्या चुण्या कुठून ताणल्या आहेत ते पाहा. जिथून चुण्या निघतात तिथं आत हाड आहे. कंबर, गुडघा, खांदा. चुण्या नीट वाचल्या की आतलं अंग आपोआप कळतं.

मोळी मधोमध नसते

घरचे सराव झाले की एक दिवस बाहेर पडा. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड मंडळी येतात, कोप्या उभ्या राहतात, फडात कोयते चालू होतात. ‘सरवा वेचणाऱ्या’ मी तीनदा गिरवल्या होत्या. आता तशाच वाकलेल्या पाठी खरोखरीच्या पाहाव्यात म्हणून मी एका फडाच्या बांधावर गेले.

तिथल्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, “काढा की. पर तोंड नका काढू माझं.” मी कबूल केलं. आजही तिचा चेहरा माझ्या वहीत नाही आणि नाव या लेखात नाही.

डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती गाडीकडे जायची. मी तीन-चार खेपांत मिळून तिचं चित्र काढलं. दोन्ही हात वर, मोळी डोक्यावर बरोबर मधोमध. मला वाटलं छान जमलं. विश्रांतीला ती जवळ आली, पाहिलं आणि हसायलाच लागली.

“ताई, अशी धरली तर मान मोडंल की! मोळी मधोमध नसती. बुडखा जड, शेंडा हलका. बुडख्याकडलं कमी भाईर ठिवायचं. आन्‌ दोन्ही हात वर कशापायी? एक हात मोळीला, दुसरा तोल धरायला.”

मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं. चार खेपा माझ्या डोळ्यांसमोर झाल्या होत्या आणि तरी मी काढलं होतं ते मनातलं. पाणी भरणाऱ्या बाईच्या कुठल्याशा छापील चित्रातलं! मिलेच्या चित्रानं माझी चूक कधीच सांगितली नसती. तो सांगणार तरी कसा? चूक सांगायला मोळी उचलणारीच लागते.

मी पान उलटलं आणि नव्यानं काढायला घेतलं. या वेळी मोळीचा पुढचा भाग आखूड, मागचा लांब. चुंबळ थोडी कलती. मान सरळ, पण एक खांदा वर. गळ्याच्या खाचेतून ओळंबा सोडला तर तो पुढच्या पायाच्या घोट्यावर आला. तिनं पुन्हा पाहिलं. “आता चाललीया ती,” एवढंच म्हणाली आणि उठून कामाला गेली. इतक्या वर्षांत मला मिळालेली सगळ्यात मोठी ग्रेड ती!

आठवड्याचा बेत

तेव्हा मैत्रिणींनो, बेत असा ठेवा. आठवड्यातले दोन दिवस थोरांचं गिरवा. तीन दिवस घरातलं माणूस काढा, रोज वीस मिनिटं पुरे. दुपारचं जेवण आवरल्यावर आणि मुलं शाळेतून यायच्या आधी एवढा वेळ निघतो. एक दिवस आठवून काढा. आणि एक दिवस नुसतं पाहा. एसटीच्या स्टँडवर, बाजारात, भाजी घेताना.

प्रत्येक पानावर तारीख घाला आणि बिघडलेलं पान फाडू नका. सहा महिन्यांनी मागं वळून पाहाल तेव्हा तीच पानं तुम्हाला धीर देतील.

कुलदैवत यमाई असेल आणि औंधाला जाणं झालं, तर डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय चुकवू नका. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९१६ मध्ये त्यांचं चित्ररामायण निघालं. या संग्रहालयात रविवर्मा, धुरंधर यांची अस्सल चित्रं तर आहेतच, शिवाय हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराची दगडातली आई आणि मूलही आहे. देवीच्या दर्शनाला आलेल्या कितीतरी जणी तिथून तशाच परत फिरतात. छापील चित्रात रंगाचा थर, कुंचल्याचा फराटा कळत नाही, तो तिथं समोर दिसतो. सोबत वही असू द्या.

आणि आता पुन्हा कुणी म्हणालं, “बघूनच काढलंय ना?” तर बिलकूल ओशाळू नका. ताठ मानेनं सांगा, “हो, बघूनच काढलंय. आता जरा समोर बसा. तुमच्याकडेही बघायचंय.”

आमच्या सासूबाई आता ओसरीवर बसल्या की आपणहून विचारतात, “आज काढायचं न्हाई व्हय?” मात्र एक अट घालतात. “पदर नीट काढ, आन्‌ खांदा तेवढा सरळ दाखीव.”

पदर मी नीट काढते. खांदा मात्र आहे तसाच.